एका खाड्याची किंमत

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एखाद्या पतसंस्थेतला कारकून डोळ्यांपुढे आणा. पगार महिना 15,600 रुपये, कामाचे दिवस 26, रोज 8 तास. येरमाळ्याकडून येणारी एसटी चुकली आणि तो तासभर उशिरा पोचला. साहेब म्हणाले, अर्धा दिवस लावा. कायदा सांगतो, तसं चालणार नाही. महिन्याचे 208 तास भरतात, म्हणजे तासाचे 75 रुपये. कापायचे तर तेवढेच. माणूस जेवढा वेळ कामावर नव्हता, तेवढ्याच वेळाचं वेतन जाऊ शकतं, असं वेतन संहिता 2019 चं कलम 20 सांगतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली आणि जुन्या वेतन प्रदान कायद्यातली महिना 24,000 रुपये पगाराची मर्यादाही गेली. (सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र सेवानियम आहेत.)

इतका साधा हिशेब, पण तो सहजासहजी पदरात पडलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत ‘डबल खाडा’ चाले: एक दिवस दांडी मारली की दोन दिवसांचा पगार गेला. विणताना बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करत. व्हिटली आयोगाने 1931 साली मजुरांच्या हलाखीचा अहवाल दिला आणि 1936 मध्ये वेतन प्रदान कायदा आला.

त्यातला दंडाचा भाग तर मला आजही थक्क करतो. तेव्हा दंडाला मर्यादा होती रुपयामागे अर्धा आणा. आज ती वेतनाच्या 3 टक्के आहे. कोणत्या चुकांसाठी दंड होईल ते आधी मंजूर करून घ्यायचं, फलकावर लावायचं, माणसाचं म्हणणं ऐकायचं. दंड हप्त्याहप्त्याने घेता येत नाही, 90 दिवसांनंतरही नाही. पंधरा वर्षांखालच्या पोराला दंडच नाही. आणि जमलेली रक्कम मालकाच्या खिशात जात नाही! ती नोंदवहीत चढते आणि कामगारांच्याच भल्यासाठी खर्च होते.

कायदा सगळीकडे इतका मायाळू नाही. जागेवर बसून काम नाकारलं, तर हजेरीपटावर सही असूनही माणूस गैरहजर धरतात. दहा किंवा जास्त जणांनी संगनमताने, नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय दांडी मारली, तर करारात तशी अट असल्यास आणखी आठ दिवसांपर्यंतचं वेतन जाऊ शकतं. बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी 29 डिसेंबर 1977 रोजी चार तास संप केला आणि मग ते कामावर बसले. बँकेने पूर्वसूचना दिल्याप्रमाणे पूर्ण दिवसाचा पगार कापला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1990 मध्ये न्या. पी. बी. सावंत यांनी बँकेचं म्हणणं उचलून धरलं: मोक्याचे चार तास गेल्यावर नंतरच्या बसण्याला फारसा अर्थ नव्हता.

आता त्याच वाशी तालुक्यातून दिवाळीच्या सुमाराला निघणाऱ्या ऊसतोड टोळीकडे वळू. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, मजुरी टनावर. एक दिवस काम चुकलं तर त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर खाडा. पाचशे रुपये दिवसाला कापल्याच्या कहाण्या बायका सांगतात. पाळीच्या दुखण्यातही खाडा नको, म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याची वेळ बायकांवर येते, हे शेजारच्या बीड जिल्ह्यातून पुढे आलं, तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती.

गिरणीतून हद्दपार झालेला डबल खाडा उसाच्या फडात अजून जिवंत आहे, कारण कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादमाकडे असते फक्त एक वही. तिथे ना फलक, ना म्हणणं ऐकून घेणं, ना 3 टक्क्यांची मर्यादा. पतसंस्थेतल्या कारकुनाचा तास जो कायदा पैशापैशाने मोजतो, त्याच कायद्याने या वहीतला खाडाही तपासला पाहिजे, आणि हे काम कामगार खात्याने गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी हाती घ्यावं.