विज्ञानकथेतील विद्युत्-बंदूक

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे लोहमार्गाचे रूळ घडविले जातात, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा पोलादाचा कारखाना आकारास आला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या रुळांवरून गाड्या धावतात. परंतु दोन रुळांमधून गाडीऐवजी बंदुकीची गोळी धावविता येईल काय?

विज्ञानकथाकारांनी या प्रश्नास 'होय' असे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे. १८९७ साली जॉन मन्रो या लेखकाने शुक्राच्या प्रवासाची कथा लिहिताना विजेच्या तोफेची कल्पना मांडली होती. पुढे कथांतील ही तोफ लहान होत होत सैनिकाच्या हातात आली. गणितज्ञ गाऊस याच्या नावावरून तिला 'गाऊस रायफल' असेही म्हटले गेले. हिच्यात दारू नाही, धूर नाही; आणि गोळी मात्र नेहमीच्या बंदुकीहून कितीतरी पट वेगवान!

यामागील तत्त्व खोटे नाही. दोन समांतर वाहक पट्ट्यांपैकी एकीतून प्रवाह जातो, गोळीतून आडवा होतो आणि दुसरीतून परत येतो. या प्रवाहाने निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र गोळीस पुढे ढकलते. घरातील विजेचा पंखा फिरविणारे बलही याच जातीचे आहे. मग अडचण कोठे आहे? ती हिशेबात आहे.

तुलनेसाठी पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेने रचना केलेली इन्सास रायफल घेऊ. तिची गोळी सुमारे ४ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदास सुमारे ९०० मीटर वेगाने बाहेर पडते. म्हणजे गोळीची गतिज ऊर्जा सुमारे १,६०० ज्यूल झाली. ही ऊर्जा अर्ध्या मीटरच्या नळीत, सेकंदाच्या सुमारे एक हजाराव्या भागात द्यावी लागते. तेवढ्या क्षणापुरती लागणारी शक्ती जवळजवळ १५ लाख वॅट, म्हणजे एक हजार वॅटच्या दीड हजार इस्त्र्या एकदम पेटविण्याइतकी आहे! काडतुसातील पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर असलेली दारू हे काम मुकाट्याने करते.

आता कथाकाराच्या इच्छेप्रमाणे गोळीचा वेग दहापट करू. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून ती शंभरपट, म्हणजे १,६२,००० ज्यूल होईल. एक किलोग्रॅमच्या उत्तम लिथियम बॅटरीत साधारण सात लाख ज्यूल ऊर्जा मावते. एक ज्यूलही वाया गेला नाही, तरी चार गोळ्यांतच ती रिकामी व्हावयाची.

याहून कठोर नियम संवेगाचा आहे. गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते, तितकाच बंदुकीस मागे मिळतो. ४ किलोग्रॅमची बंदूक आज सेकंदास सुमारे ०.९ मीटर वेगाने मागे येते. दहापट वेगवान गोळीने ती ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर वेगाने सैनिकाच्या खांद्यावर आदळेल. दारू असो वा वीज असो, या नियमातून सुटका नाही. बंदूक निःशब्दही होणार नाही, कारण ध्वनीहून वेगवान गोळी हवेत कडाका उडवितेच.

मोठ्या तोफेस जहाजाचे वजन आणि त्यावरील वीजघर यांचा आधार मिळतो. तरीही प्रचंड प्रवाहाने वाहक पट्ट्या तापून झिजतात आणि परस्परांस दूर लोटतात. अमेरिकेच्या नौदलाने २०२१ साली हे काम थांबविले. जपानने मात्र २०२३ साली जहाजावरून अशा तोफेची चाचणी घेतली.

यावरून कथाकारांस हसावयाचे काय? मुळीच नाही. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलांड यांनी १९०१ साली विद्युत्-तोफेचा एकाधिकार मिळविला. १९०३ साली त्यांनी निमंत्रितांसमोर प्रयोग मांडला, तेव्हा तोफेत प्रवाहाची आडवाट होऊन डोळे दिपविणारी ज्वाला उठली आणि प्रयोग फसला. परंतु तशाच विद्युत्-ज्योतीच्या उष्णतेने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग घडविता येतो. सॅम आयडे या अभियंत्याच्या साह्याने त्यांनी त्याच वर्षी ही रीत सिद्ध केली आणि तीतून शेतीसाठी कृत्रिम खत तयार होऊ लागले. जी तोफ गोळी फेकू शकली नाही, तिने शेतांस अन्न दिले.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस डॉ. जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने कथा पाठविली होती. अशी कथा लिहिण्याची इच्छा एखाद्या वाचकास झाली, तर त्याने कल्पनेस अवश्य मोकळे सोडावे. फक्त बंदूक नायकाच्या हाती देण्यापूर्वी कागदाच्या कडेला ऊर्जेचा व संवेगाचा हिशेब मांडून पाहावा. हिशेब जुळला नाही, तर तो का जुळत नाही हाच कदाचित कथेचा खरा विषय ठरेल.