एक्स-रेतील काळी रेघ आणि सिमेंटविरहित गुडघा

गुडघ्याचे सांधारोपण होऊन दीड-दोन महिने झालेले असतात. वेदना उतरलेल्या, चालणे सुधारलेले. आणि तपासणीच्या एक्स-रेत धातूची तबकडी व नडगीचे हाड यांच्यामध्ये बारीक काळी रेघ दिसते. 'सांधा सैल झाला की काय?' ही शंका घरच्यांना लगेच ग्रासते. मात्र सांधा सिमेंटविरहित असेल, तर या रेघेचा अर्थ इतका सरळ नसतो.

बहुतेक रोपणांत कृत्रिम सांधा 'बोन सिमेंट'ने हाडाला चिकटवितात व ते काही मिनिटांतच घट्ट होते. सिमेंटविरहित सांध्याचा हाडाकडील पृष्ठभाग सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत हाडानेच वाढून धातूला धरावे, अशी अपेक्षा असते. कितीही कुशल हाताने करवत चालविली तरी हाडाचा काप आरशासारखा सपाट होत नाही. बारीक फटी राहतातच. सिमेंट त्या बुजवून टाकते. येथे त्या मोकळ्या राहतात आणि क्ष-किरणांना अडविणारे हाड तेथे नसल्याने काळ्या दिसतात.

पुढील काही महिन्यांत यांतील अनेक फटी नव्या हाडाने भरून येतात. अट एकच, सांधा हलता कामा नये. धातू आणि हाड यांच्यातील हालचाल सुमारे ५० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत राहिली तर हाड छिद्रांत शिरते. ती १५० मायक्रॉनपलीकडे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. १९८० च्या दशकातील काही सुरुवातीच्या रचनांत नडगीवरील तबकडी हाडाने नीट धरलीच नाही. या पद्धतीविषयीची सावधगिरी तेव्हापासूनची आहे.

अडचण अशी, की तंतुमय ऊतींचा थरही एक्स-रेत काळाच दिसतो. एकाच चित्रावरून 'भरणारी फट' आणि 'न धरलेला सांधा' वेगळे ओळखणे म्हणूनच कठीण. त्यासाठी आधीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवावे लागते. दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, एखाद्या कडेपुरती आणि न वाढणारी रेघ सहसा चिंतेची मानली जात नाही. रेघ रुंदावू लागली, सर्व बाजूंनी पसरली, तबकडी कलली किंवा खचली, तर सांधा सैल झाल्याचा संशय बळावतो. नव्याने दुखू लागले, सूज वा ताप आला, तर जंतुसंसर्गाचीही तपासणी करावी लागते.

तुलनाही फसवी ठरू शकते. किरण तबकडीच्या कडेला समांतर गेले नाहीत, काही अंशांनी जरी तिरपे पडले, तरी असलेली रेघ धातूच्या सावलीत लपते. 'रेघ गेली' म्हणून आनंद मानण्यापूर्वी दोन्ही चित्रे एकाच कोनातून घेतली आहेत ना, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

आपल्याकडे एक्स-रे रुग्णाच्याच हाती दिला जातो आणि बहुधा कपाटामागे जाऊन पडतो. शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म किंवा सीडी मात्र जपून ठेवावी व प्रत्येक तपासणीला सोबत न्यावी. मोबाइलवर टिपलेल्या तिच्या छायाचित्रात एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजता येत नाही.