घरातली हिरवाई – भाग ६ : माजघरात झाड खरं की प्लास्टिकचं?

मेढ्यातलं जुनं घर पावसाच्या धाकानं बांधलेलं असतं. वेण्णा महाबळेश्वराकडून येते आणि पाऊसही तिकडूनच. म्हणून छपराला उतार मोठा, वळचण खाली ओढलेली, खिडक्या लहान. पुढे पडवी, मग सोपा आणि त्याच्या पोटात माजघर. जूनमध्ये झड आत येऊ नये म्हणून पडवीला ताडपत्री बांधली, की माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. जावळी-पाटणमधून मुंबईला माथाडी कामाला गेलेल्यांची कोपरखैरणे-घणसोलीतली घरं वेगळी दिसतात, पण अडचण तीच. चिंचोळी जागा, भिंतीला भिंत लागलेली, उजेड फक्त पुढच्या बाजूनं. या दोन्ही घरांत कोपऱ्यात काहीतरी हिरवं हवंसं वाटतं आणि प्रश्न पडतो, नर्सरीतली कुंडी आणावी की कधी न सुकणारी प्लास्टिकची वेल?

याचं उत्तर आवडीनिवडीवर सोडू नये. आधी उजेड मोजावा.

डोळ्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. बाहुली मोठी होते, डोळा अंधाराला सरावतो आणि ‘एवढा उजेड पुरे की’ असं वाटतं. झाडाला ती सोय नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो, तर माजघराच्या आतल्या भिंतीशी पावसाळ्यात पन्नास लक्सही मिळणं मुश्कील. कमी उजेडाची म्हणून विकली जाणारी झाडं साधारण अडीचशे ते हजार लक्समध्ये तग धरतात. मोबाइलवर लक्स मोजणारी अ‍ॅप मिळतात. आकडा अगदी बिनचूक नसला तरी दोन कोपऱ्यांतला फरक कळतो. मोबाइल नसेल तर दुपारी दिवे बंद करून जागेवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर हातभर उंचीवर पंजा धरा. सावली रेखीव पडली तर बहुतेक झाडं चालतील. पुसट पडली तर निवडक चालतील. सावलीच दिसली नाही, तर तिथं कायमची कुंडी ठेवू नका.

झाड उजेडात अन्न तयार करतं, पण ते खर्च दिवसरात्र करतं. उजेड एका मर्यादेखाली गेला की मिळकतीपेक्षा खर्च जास्त होतो आणि झाड स्वतःच्या साठ्यावर जगू लागतं. ते लगेच मरत नाही, इथंच माणूस फसतो. दोन-तीन महिने पानं हिरवीगार असतात, आपण खूश असतो. मग नवं पान लहान आणि फिकं येतं, देठ लांबतात, जुनी पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. अंधारात झाड पाणी ओढतच नाही, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत माती आधीच ओली असते. मुळं कुजतात. अंधाऱ्या घरातली बरीचशी झाडं अशी पाण्यानंच जातात, म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी घालू नये.

दुकानदार कमी उजेडासाठी जी नावं सांगतो, त्यांतली मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली आणि झेडझेड ही सगळी अळू-सुरणाच्या कुळातली आहेत. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायची सवय या कुळातल्या कितीतरी झाडांना आहे. झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली बटाट्यासारखे कंद असल्यानं ते पाण्यावाचून महिनाभर सहज काढतं. कुळाचा एक गुण मात्र या झाडांनी सोडलेला नाही. चिंच-आमसूल न घातलेल्या अळूनं घसा खाजतो, तसेच ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक मनी प्लांट आणि अ‍ॅग्लोनिमाच्या पानांतही असतात. घरात रांगतं मूल असेल किंवा दारात शेळी-करडू असेल, तर कुंडी उंचावर हवी.

‘हवा शुद्ध होते’ म्हणून झाड घेणार असाल, तर तो हिशेब सोडून द्या. १९८९ मध्ये नासाच्या अभ्यासात झाडांनी हवेतली काही रसायनं शोषली हे खरं, पण ती बंद पेटीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. घरात एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. खिडकी उघडणं जास्त गुणकारी.

मग प्लास्टिक? गडद कोपऱ्यात ते टिकतं, कारण रंग उडवणारं ऊनच तिथं नसतं. पण पानांवर धूळ बसते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या दमट धुळीवर बुरशी धरते. दर पंधरवड्याला साबणाच्या पाण्यानं पुसणार नसाल तर दमेकऱ्याच्या घरात ते आणू नका. शिवाय कापड, तार आणि प्लास्टिक एकत्र असल्यानं भंगारवालाही घेत नाही. आपल्या सातारा जिल्ह्याला आणखी एका कारणानं विचार करायला हवा. झेंडू-शेवंतीचं पीक घेणाऱ्यांचा भाव प्लास्टिकच्या फुलांनी पाडला, ही तक्रार २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेपर्यंत पोचली आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी अशा फुलांवर बंदी आणण्याचं सांगितलं. सातारा-सांगलीतल्या फूलशेतकऱ्याच्या पोटावर येणारी वस्तू मी तरी घरात आणणार नाही. कुलूपबंद घराला मात्र माझा आक्षेप नाही. यात्रेला आणि गणपतीलाच जे घर उघडतं, तिथं वर्षभर कुंडीत झाड सुकवण्यापेक्षा भिंतीवर प्लास्टिकची वेल परवडली.

राहत्या घरात उजेडच वाढवता येतो, आणि त्याची युक्ती कौलारू घराकडे पूर्वीपासून आहे: काचेचं कौल. आभाळ भरून आलेलं असताना डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळाच्या जवळपास तिप्पट उजळ असतं. वळचणीनं झाकलेली खिडकी फक्त खालचं आभाळ पाहते. छपरातलं कौल थेट माथ्यावरचं. म्हणून लहान खिडकीला जे जमत नाही ते दोन-तीन कौलं करतात, फक्त दर पावसाळ्याआधी त्यांच्यावरचं शेवाळ खरवडून काढायला हवं. वर स्लॅब असेल तर साधा पांढरा नऊ वॅटचा एलईडी दिवा पानांच्या वर फूटभर टांगा. तेवढ्या अंतरावर हजारभर लक्स मिळतात. अंतर दुप्पट केलंत तर उजेड चौथाईवर येतो, म्हणून छताला लावलेल्या दिव्याचा झाडाला फारसा उपयोग नाही. रोज बारा तास लावला तरी महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज जाते.

हेही नको असेल तर दोन कुंड्या घ्या. एक माजघरात, दुसरी पडवीत, आणि दर आठ-दहा दिवसांनी अदलाबदल. साठा संपायच्या आत झाड उजेडात परत जातं. पावसाळ्यात आणखी सोपं म्हणजे आपल्याच बांधावरच्या नेच्याची चार पानं कापून तांब्यात ठेवायची. कासच्या पठारावरून किंवा जंगलातून मात्र काही उपटून आणू नका.

गौरी-गणपतीच्या आराशीला तर प्लास्टिकची गरजच नाही. अंधार झाडाला महिन्यांच्या हिशेबानं मारतो, दिवसांच्या नव्हे. पडवीतल्या सगळ्या कुंड्या आदल्या संध्याकाळी पुसून माजघरात मखराशेजारी लावा, पाणी बेतानं द्या आणि विसर्जन झालं की लगेच पुन्हा पडवीत न्या.