वलीम्याचा कचरा कोणाचा?

वलीमा झाला, बिर्याणीचं कौतुक झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या मागे जाऊन बघा. हाडं, भात, थर्माकोलच्या प्लेटी, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकाच ढिगात. त्यातच कुत्री, गाई तोंड घालतात आणि दुपारी कुणीतरी काडी लावून मोकळा होतो. 'नगर पंचायतीची गाडी येते ना' असं म्हणून आपणही मोकळे होतो. कायदा मात्र आपल्याला इतक्या सहज सोडत नाही.

घनकचरा व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम 2016 साली आले. त्यांच्या जागी 1 एप्रिल 2026 पासून नवे नियम लागू झाले आहेत. हे सगळं मुंबई-पुण्याच्या टॉवरवाल्यांसाठी, आपल्या अहेरीला काय त्याचं, असं बरेच जण म्हणतात. पण नगर पंचायत असलेलं गाव यातून सुटत नाही. साधा हिशोब आहे: ज्याच्या हातून कचरा होतो, तो वेगळा करण्याची जबाबदारी त्याचीच. मग ते घर असो, किराणा दुकान असो, चिकन सेंटर असो की चहाची टपरी.

आता कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत. ओल्यात उरलेलं अन्न, भाजीचे देठ, मांसाचा कचरा. सुक्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा. डायपर आणि पॅड नीट गुंडाळून तिसऱ्या डब्यात. चौथ्यात रंगाचे डबे, बल्ब, फुटलेला थर्मामीटर, उरलेली औषधं.

मोठी जबाबदारी 'मोठ्या कचरा उत्पादकांवर' आहे. 20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, रोज 40,000 लिटर पाण्याचा वापर, किंवा रोज 100 किलो कचरा, यातलं एक जरी लागू झालं तरी ती सोसायटी, हॉटेल किंवा संस्था त्यात आली. ओला कचरा त्यांनी शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. मुंबई महापालिकेने 2017 मध्येच मोठ्या सोसायट्यांना असं सांगितलं होतं, तेव्हा बरीच ओरड झाली होती.

आपल्याकडे एवढी मोठी इमारत कुठे, हे खरं. पण 100 किलोचा अंदाज घ्या. पाचशे माणसांची दावत आणि माणशी 200 ग्रॅम उष्टं धरलं, की झाले 100 किलो. एका दावतीने कुणी मोठा उत्पादक ठरत नाही. तरी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागेत, म्हणजे घरासमोर मांडव टाकून किंवा मैदानात करायचा असेल, तर निदान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, ही अट 2016 सालीच आली होती. आपल्यापैकी किती जणांनी कळवलं? मी स्वतः घरच्या लग्नात कळवलं नव्हतं.

वेगळं करण्यावर एवढा जोर का, ते भंगारवाल्या भाईंना विचारा. कोरडा पुठ्ठा विकला जातो. रस्सा लागलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. बाटलीत उष्टं भरलं की तिचाही भाव गेला. आपल्या समाजातली कितीतरी घरं याच धंद्यावर चालतात, आणि तरी 'कबाडी' हा शब्द आपण मुलांना रागावताना वापरतो. 2016 च्या नियमांत कचरावेचक आणि भंगार गोळा करणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करते. आपल्या भाईंनीही एकत्र येऊन नगर पंचायतीकडे नोंदणीची मागणी करायला हवी. नाहीतर उद्या सुक्या कचऱ्याचा ठेका बाहेरचा कुणी घेऊन जाईल आणि हे गाडी ओढतच राहतील.

चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या भंगारात चालत नाहीत. अशा कचऱ्यापासून कारखान्यांसाठी जळण तयार करता येतं. सिमेंट कारखान्यांनी त्याचा वापर सहा वर्षांत 5 टक्क्यांवरून 15 टक्क्यांपर्यंत न्यावा, असं नवे नियम सांगतात. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत. पण ओल्यात कालवलेलं प्लास्टिक तिथेही कामाचं नाही.

जाळण्याचं म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यासाठी 5,000 रुपये दंड सांगितला होता, मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000. थर्माकोलच्या प्लेटी आणि प्लास्टिकचे ग्लास महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहेत. त्याचा दंड पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. एवढ्या पैशात एक देग वाढेल. आणि पळसाची पत्रावळ आपल्या जंगलातलीच आहे, बिर्याणी तिच्यावर काही वाईट लागत नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच भाग, हे आपण मकतबमध्ये शिकलो. नाल्यात टाकलेली हाडं आणि पिशव्या पावसाळ्यात प्राणहितेकडे वाहत जातात. कुर्बानीच्या दिवसांत तर आतडी आणि रक्ताचं काय करायचं, हे आठ दिवस आधी ठरलेलं असायला हवं.

येत्या लग्नसराईसाठी एवढं करता येईल: हॉल बुक करतानाच मालकाला विचारा की ओल्या-सुक्याचे डबे वेगळे आहेत का. बाटल्या आणि पुठ्ठा न्यायला ओळखीच्या भंगारवाल्याला त्याच रात्री बोलवा. वाढप्यांपैकी एकाला फक्त उष्ट्याच्या डब्यापाशी उभं करा. जमातीच्या जबाबदारांनी जुम्याला दोन मिनिटं ही सूचना दिली, तर दावतनाम्यावर छापायचीही गरज पडणार नाही.