राखणदाराच्या हातची किल्ली

बँकेंतील आपली शिल्लक, इस्पितळांतील तपासणीचा अहवाल, मुलांचे परीक्षेंतील गुण, या साऱ्या नोंदी आतां चोपड्यांत नसून डेटाबेस नांवाच्या भांडारांत असतात. हें भांडार ज्या यंत्रावर नांदतें त्यास सर्व्हर म्हणतात. यंत्र बिघडतें, कधीं माणूस चुकतो. म्हणून भांडाराची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, निराळ्या जागीं ठेवतात. ही प्रत काढणाऱ्या राखणदारास भांडाराची किल्ली द्यावी लागते. ती कोणती द्यावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

किल्ली हवीच कशाला, असें कोणी विचारील. सर्व्हरवरील फायलींची नक्कल केली म्हणजे झालें! पण अशी कल्पना करा, कीं कारकून खतावणी लिहीत आहे आणि दुसरा एक जण त्याच वेळीं तिचीं पानें उतरून घेत आहे. सखारामपंतांचें पान उतरून झाल्यावर कारकुनानें गोविंदरावांच्या खात्यांतून पांच हजार रुपये काढून सखारामपंतांकडे जमा केले. मग गोविंदरावांचें पान उतरलें गेलें. नकलेंत पांच हजार रुपये नाहींसे! डेटाबेसांत तर लिहिणें अष्टौप्रहर चालूं असतें. म्हणून 'अमुक क्षणाची सुसंगत प्रत दे' असें त्यालाच सांगावें लागतें, आणि ओळख पटल्यावांचून तो कोणाचें ऐकत नाहीं.

ही ओळख करून देणें म्हणजेच सर्व्हरची नोंदणी. व्यवस्थापक बॅकअपच्या यंत्रणेस सर्व्हरचा पत्ता कळवितो, आणि त्याबरोबर एक खातें व त्याचा पासवर्ड देतो. यंत्रणा जोडणी करून पाहते, आंत कोणकोणते डेटाबेस आहेत त्यांची यादी आणते, आणि मग प्रती केव्हां काढावयाच्या व किती दिवस ठेवावयाच्या हें ठरतें.

घाईंत बहुधा मुख्य व्यवस्थापकाचेंच खातें देऊन टाकतात. हें पाणक्यास तिजोरीची किल्ली देण्यासारखें आहे. ओरॅकल या डेटाबेसाच्या २०१३ सालच्या आवृत्तींत 'सिसबॅकअप' नांवाचा निराळा अधिकार आला. त्याच्या बळावर प्रत काढतां येते, परत बसवितां येते, पण लोकांच्या नोंदी उघडून वाचतां येत नाहींत. (काढलेली प्रत चोराच्या हातीं पडली तर तो ती वाचीलच, म्हणून ती सांकेतिक रूपांत ठेवणें अगत्याचें.)

शिवाय राखणदाराच्या कमरेस साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा असतो, हें चोरही जाणतात. मार्च २०२३ मध्यें वीम या प्रसिद्ध बॅकअप-यंत्रणेंत असा दोष उघड झाला, कीं त्याच जाळ्यांत शिरलेल्या परक्यास, कांहीं ओळख न देतां, तिनें जपलेलीं खातीं व पासवर्ड काढून घेतां येत. दुरुस्ती लगेच निघाली. ज्यांनीं ती बसविली नाहीं, त्यांच्यावर खंडणीखोरांनीं हल्ले केले.

याच्या उलट संकटही आहे. किल्ली जपली, पण कुलूपच बदललें! नोकरी सोडून गेलेल्या माणसाचें खातें रीतीप्रमाणें बंद होतें, आणि नोंदणी नेमकी त्याच्याच नांवावर असते. त्या रात्रीपासून प्रत निघत नाहीं. यंत्रणा तक्रार करते, पण ती कोण वाचतो?

गिटलॅब या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका अभियंत्यानें चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. तेव्हां कळलें, कीं नेहमींचे बॅकअप निघतच नव्हते. तेथें दोष पासवर्डाचा नव्हता. प्रत काढणारें साधन जुन्या आवृत्तीचें होतें. अपयश कळविणारीं पत्रें निघत, पण पाठविणाऱ्याची ओळख न पटल्यानें तीं दारांतूनच परत जात. त्याच अभियंत्यानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामासाठीं एक प्रत काढून ठेवली होती, तीवर निभावलें. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

तेव्हां नोंदणी झाल्यावर हिरवा दिवा पाहून थांबूं नये. एखादी प्रत दुसऱ्याच यंत्रावर उतरवून, कालच्या तारखेची एखादी नोंद तींत सांपडते कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें. आणि कोणाचाही पासवर्ड बदलला, कीं त्याच दिवशीं हें पुन्हां करावें.