रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दारू किती?

पनवेल तालुक्यात गाढी नदीकाठी नेरे आहे. गावापुढचा धोदाणीकडे जाणारा रस्ता माथेरानच्या पायथ्याला भिडतो. डोंगराला लागून भातशेती असली की रानडुक्कर आलेच, आणि कोकणात रानडुक्कर म्हटले की शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आठवते. इकडे नवीन पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमध्ये मुले एअर रायफल शिकतात. तिथे दारूचा संबंधच नाही, सगळे काम दाबलेल्या हवेचे. या दोन टोकांच्या मधला प्रकार म्हणजे मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरणे. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे, आपल्याकडे नाही. पण त्याचे व्हिडिओ मोबाइलवर सगळीकडे पोचले आहेत, आणि ठासणीचा बार भरताना पाहिलेल्या माणसाला ‘यात काय एवढे’ असे वाटू शकते. त्यात बरेच काही आहे.

काळी दारू आणि बिनधुराची दारू

ठासणीत जाते ती काळी दारू: सोरा, गंधक आणि कोळसा. ती किती वेगाने जळेल हे मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरते, नळीतल्या दाबाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून अंदाजाने भरलेला बार बऱ्याचदा निभावून जातो. जुनी रिव्हॉल्व्हरही याच दारूवर चालत. १८७३च्या .४५ कोल्टच्या काडतुसात सुरुवातीला ४० ग्रेन काळी दारू भरत, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. ग्रेन हे माप किती बारीक ते सोनाराच्या गुंजेवरून कळेल: एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन.

बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि तिचा स्वभाव निराळा. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. दारू दहा टक्क्यांनी वाढवली म्हणजे दाबही दहाच टक्क्यांनी वाढेल, हा हिशेब इथे चुकतो. शिवाय वजनाने ती फार थोडी लागते. ब्रिटिशांनी .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू वापरायला घेतली तेव्हा काळ्या दारूसाठी बनवलेली टोपणी, म्हणजे दारू भरायचे काडतुसाचे कवच, फाजील मोठी ठरली, आणि १८९७मध्ये ती आखूड करावी लागली. ठासणीच्या बंदुकीत ही दारू चुकूनही घालू नये. नळी फुटते.

आकडा बोअरचा नसतो

‘पंचेचाळीसला किती दारू?’ हा प्रश्नच अपुरा आहे. अमेरिकी मानकांप्रमाणे .४५ कोल्टची कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड, १९५५मध्ये आलेल्या .४४ मॅग्नमची ३६,००० आणि .४५४ कॅसलची ६५,०००. कॅसलचे काडतूस म्हणजे लांब केलेले .४५ कोल्टच. ते जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणूनच लांब ठेवले आहे. पण घरी भरणाऱ्याने आखूड टोपणीत जहाल बार भरला, तर तो १८७३च्या धाटणीच्या हत्यारातही बिनबोभाट बसतो. त्याच्या सिलिंडरच्या भिंती पातळ असतात. .४४ मॅग्नमचा पाठपुरावा करणारे एल्मर कीथ .४५ सोडून .४४ स्पेशलकडे वळले, त्याचे एक कारण हेच: भोक लहान, म्हणून भिंत जाड.

तक्त्यातला आकडा त्यामुळे एका पूर्ण जुळणीचा असतो: अमुक दारू, अमुक वजनाची व बनावटीची गोळी, दारू पेटवणारा अमुक प्रायमर, काडतुसाची अमुक लांबी. गोळी थोडी जास्त खोल बसवली तरी आतली जागा घटते आणि दाब चढतो. जिथे हे कायदेशीर आहे तिथले जाणकार दारू बनवणाऱ्या कंपनीचाच ताजा तक्ता घेतात, कमाल आकड्याच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करतात आणि तराजूवर वजन तपासतात.

या नियमाला मोठा अपवाद आहे. मॅग्नम रिव्हॉल्व्हरची एच-११० ही दारू तीन टक्क्यांहून जास्त कमी करू नका, असे तिची कंपनीच सांगते. कमी भरली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. ‘कमी ते सुरक्षित’ हे आपले शहाणपण इथे उलटते. अडकलेल्या गोळीचा आवाज फुसका येतो. तो न ओळखता दुसरा बार उडवला तर नळी फुगते किंवा फाटते.

मोठ्या टोपणीची अडचण

.४५ कोल्टची टोपणी काळ्या दारूच्या मापाने घडवलेली. तिच्यात झटपट जळणारी आधुनिक दारू भरली तर ती तळाशी जेमतेम दिसते. मग त्याच टोपणीत दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती मावते, वरून काही कळत नाही. रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या घटनांत दुहेरी बाराचा संशय नेहमी पहिला येतो, तो यासाठी. जास्त जागा व्यापणारी दारू निवडली तर दुसरे माप सांडते आणि चूक उघडी पडते. दारू निवडताना वेगापेक्षा या गुणाला मी जास्त भाव देईन.

रिव्हॉल्व्हरची खास खोड वेगळीच. एक बार उडाला की धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू शकतात. टोपणीचे तोंड नीट आवळलेले नसेल तर गोळी बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरेनासा होतो.

‘जास्त झाले तर प्रायमर चपटा होईल, कळेलच’ हा भरवसाही पोकळ आहे. प्रायमरवर ती खूण उमटण्याआधीच .४५ कोल्टची मर्यादा कितीतरी मागे पडलेली असते. कारखान्यात खास दाबमापक नळीतून नमुने उडवून दाब मोजतात. घरच्या टेबलावर ते साधन नसते.

आपल्याकडचा कायदा

१९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ परवान्याशिवाय शस्त्रच काय, दारूगोळाही बनवू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. लष्करी काडतुसांची मापे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत, म्हणून भारतात नागरिकाकडचे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ बोअरचे असते. ते हत्यार परवान्यावर मिळाले म्हणजे त्याची काडतुसे भरण्याची मुभा मिळाली, असे होत नाही. काडतुसे परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या आत, अधिकृत विक्रेत्याकडूनच विकत घ्यायची.