ब्रेकमधला कार्बन
नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात ब्रेक दाबला की गतीची ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. पॅड म्हणजे रेझिन, तंतू, धातूची पूड आणि ग्रॅफाइट यांचं दाबून भाजलेलं मिश्रण. ग्रॅफाइटमधले कार्बनचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. मग घर्षण हवं तिथे वंगण कशाला? कारण नुसता खरखरीत पॅड किंचाळतो, डिस्क खातो. ग्रॅफाइटमुळे पकड एकसारखी राहते. बिडाच्या डिस्कमध्येही सुमारे ३ टक्के कार्बन असतो, बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. नागपूरच्या मिहान प्रकल्पात देखभालीला येणाऱ्या बोइंग ७८७ विमानांचे ब्रेक तर कार्बनचेच. कारच्या पॅडला तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लागू देऊ नका.